पडद्याची गती आणि यंत्राची मर्यादा

लॅपटॉपच्या पडद्याचा 'रिफ्रेश रेट' वाढविण्याविषयी एक अभ्यासलेख



आपल्या व्यवसायात यंत्राचा प्रवेश होऊन आता बराच काळ लोटला आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि बिलाची वही गणकयंत्रात गेली. त्यापूर्वीच, १४ एप्रिल २०१६ रोजी, राष्ट्रीय कृषी बाजाराचा प्रारंभ होऊन धान्याची बोली पडद्यावर दिसू लागली होती. आज शिंदे की छावनीतील लहानशा पेढीवरही गादीशेजारी लॅपटॉप उघडलेला असतो. ज्या वस्तूवर आपली दृष्टी दिवसातून आठ-दहा तास खिळलेली असते, तिचे गुणधर्म आपणांस ठाऊक असणे इष्ट होय. गव्हाचा दाणा दाताखाली फोडून ओलावा पारखणारा व्यापारी पडदा मात्र दुकानदार सांगेल त्या आकड्यावर घेतो, हे शोभणारे नाही.

अलीकडे घरोघरची तरुण मुले एक शब्द वापरतात : 'ओव्हरक्लॉकिंग'. यंत्रास कारखान्याने जी गती नेमून दिली आहे, तिच्यापेक्षा अधिक गतीने ते चालविणे, असा त्याचा अर्थ. हा प्रयोग लॅपटॉपच्या पडद्यावरही करता येतो. साठाचा पडदा पंचाहत्तरावर नेला, असे कोणी अभिमानाने सांगतो, तेव्हा त्यात तथ्य किती, लाभ किती आणि जोखीम किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक मॅट्रिकपर्यंतच शिकलेला धान्याचा घाऊक व्यापारी आहे; परंतु ह्या विषयात त्रैराशिकापलीकडचे गणित लागत नाही, असा त्याचा अनुभव आहे.

१. गती कशास म्हणावे

पडद्यावरील चित्र आपणांस स्थिर दिसते. वस्तुतः ते एका सेकंदात अनेक वेळा नव्याने लिहिले जाते. किती वेळा लिहिले जाते, ह्या संख्येस रिफ्रेश रेट म्हणतात आणि ती 'हर्ट्झ' ह्या मापात सांगतात. साठ हर्ट्झ म्हणजे सेकंदास साठ वेळा. एका लेखनास मिळणारा काळ काढावयाचा तर एक हजार मिलिसेकंदांस त्या संख्येने भागावे. साठाला १६.६७ मिलिसेकंद येतात, पंचाहत्तराला १३.३३, एकशेवीसाला ८.३३. गती वाढविणे म्हणजे प्रत्येक लेखनास दिलेला अवधी कमी करणे, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

२. चलच्चित्रपटाचा धडा

हा प्रश्न आजचा नाही. मराठी माणसाने तो शंभर वर्षांपूर्वीच हाताळला आहे. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विलायतेस जाऊन कॅमेरा घेऊन आले. मुख्य चित्रपटास हात घालण्यापूर्वी त्यांनी एक लहानसा प्रयोग केला. कुंडीत वाटाणे पेरले आणि अंकुर जसजसा वाढत गेला तसतशी त्याची चित्रे दिवसांमागून दिवस टिपली. ती पट्टी पडद्यावर फिरविताच दाण्याचे रोप होताना लोकांनी काही क्षणांत पाहिले. धान्याचा धंदा करणाऱ्यांस हा प्रयोग विशेष हृद्य वाटावा. त्यातील तत्त्व असे की, चित्रे कोणत्या गतीने टिपली आणि कोणत्या गतीने दाखविली, ह्या दोन बाबी स्वतंत्र आहेत. दोहोंचा मेळ मोडला की काळ लांबतो किंवा आखडतो.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्या काळी कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवीत. एका फेऱ्यात आठ चित्रे व सेकंदास दोन फेरे, म्हणजे सेकंदास सुमारे सोळा चित्रे, असा प्रघात होता. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या पट्टीच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. म्हणजे सेकंदास एक फूट. एक हजार फुटांचे रीळ ह्या हिशेबाने सोळा मिनिटे चाळीस सेकंद चालावयास हवे. तेच सेकंदास चोवीस चित्रांच्या गतीने सोडले तर अकरा मिनिटे सात सेकंदांत संपते. मूकपटाच्या काळी खेळ लवकर आटोपावा म्हणून यंत्र जलद फिरविणारे चालक होतेच. प्रेक्षकास मात्र माणसे धावत-पळत चालल्यासारखी दिसत. गती वाढली, चित्रातील माहिती तेवढीच राहिली.

१४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि १९३२ मध्ये प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला. बोलपटात आवाज त्याच पट्टीवर असल्याने मनमानी गती चालेना. सेकंदास चोवीस चित्रे हा नियम कायम झाला. परंतु चोवीस वेळा उघडझाप झाल्यास पडदा लुकलुकतो. ह्यावर तोडगा काढलेला होता. प्रकाशझोतापुढे फिरणाऱ्या झडपेस दोन पाती बसवीत, म्हणजे प्रत्येक चित्र दोनदा झळके आणि डोळ्यास अठ्ठेचाळीस झळका मिळत. सोळांच्या मूकपटासाठी तीन पाती असत. त्याचाही गुणाकार अठ्ठेचाळीसच येतो.

ह्यावरून निष्कर्ष असा की, नवी चित्रे किती आली हा एक आकडा आणि पडद्याने ती किती वेळा दाखविली हा दुसरा. लॅपटॉपचा पडदा पंचाहत्तरावर नेला, तरी आतून चित्रे चोवीसच येत असतील, तर हालचालीत नवी माहिती उत्पन्न होत नाही. पोते मोठे शिवल्याने धान्य वाढत नाही.

३. साठ हा आकडा कोठून आला

दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी व मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी आली, तेव्हा तिची गती सेकंदास पंचवीस पूर्ण चित्रे, म्हणजे पन्नास अर्धी चित्रे, अशी होती. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास पन्नास आवर्तने करतो; त्याच्याशी हा मेळ होता. अमेरिकेत वीज साठ आवर्तनांची, म्हणून तेथील दूरचित्रवाणीही साठाच्या आसपास राहिली आणि गणकयंत्राचे पडदे तिच्याच वळणाने घडले. आज विजेशी तो संबंध उरलेला नाही. पण साठ हा आकडा रूढीने टिकला आहे.

जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर ठिपका क्षणभर उजळून विझत असे. त्यामुळे साठावर डोळे शिणत, आणि पंचाहत्तर अथवा पंचाऐंशी ही गती खरोखर हितावह होती. आजचा पडदा द्रव-स्फटिकांचा आहे. ऑस्ट्रियातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख राइनिट्झर ह्यांनी १८८८ मध्ये ज्यांचा शोध लावला, तेच हे पदार्थ. ह्या पडद्यावरील ठिपका पुढील आज्ञा येईपर्यंत आपला रंग धरून राहतो. म्हणून स्थिर आकडेवारी वाचताना साठ व पंचाहत्तर ह्यांत डोळ्यास फारसा भेद जाणवत नाही. भेद जाणवतो तो हालचालीत. लांबलचक खतावणी सरकविताना, बाण फिरविताना किंवा मुलांच्या खेळात चित्र अधिक सलग दिसते.

४. आतील हिशेब

आता मुख्य प्रश्न : साठाचा पडदा पंचाहत्तरावर चालतो तरी कसा?

सामान्य लॅपटॉपच्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार २०,७३,६०० येतो. ह्याखेरीज प्रत्येक ओळीनंतर व प्रत्येक चित्रानंतर थोडी मोकळी जागा सोडावी लागते, जशी वहीत समास सोडतो तशी. ती धरून संख्या २०८० गुणिले ११११, म्हणजे २३,१०,८८० होते. साठ हर्ट्झला सेकंदास सुमारे १३.८७ कोटी ठिपके पाठवावे लागतात, पंचाहत्तराला १७.३३ कोटी. प्रत्येक ठिपक्यास चोवीस बिट धरले तर वाहतूक अनुक्रमे ३३३ कोटी व ४१६ कोटी बिट होते.

ही वाहतूक झाकणाच्या बिजागरीतून जाणाऱ्या बारीक तारांवरून चालते. पुष्कळ लॅपटॉपांत ह्यासाठी दोन मार्गिका असतात. ज्या पद्धतीत एका मार्गिकेवर सेकंदास २७० कोटी स्पंदने जातात, तीत दहांपैकी आठच स्पंदने माहितीची असतात, बाकी दोन बारदानाच्या वजनासारखी वजा जातात. निव्वळ माल २१६ कोटी. दोन मार्गिकांचा ४३२ कोटी. म्हणजे पंचाहत्तराचे ४१६ कोटी त्यात बसतात. ऐंशी हर्ट्झचे मात्र ४४४ कोटी होतात. ते बसत नाहीत. अशा रचनेची सीमा सुमारे ७७.९ हर्ट्झ येते. त्यातही समास रुंद, म्हणजे २२०० गुणिले ११२५ असा ठेवला, तर पंचाहत्तरालाच ४४५ कोटी लागतात व गाडी अडते. समास आवळणे हे ह्या विद्येतील अर्धे मर्म आहे. पडदा ठिपक्यास अठराच बिट घेणारा असेल किंवा मार्गिका चार असतील, तर हा हिशेब बदलतो; रीत तीच राहते.

तार ही पहिली मर्यादा झाली. दुसरी मर्यादा पडद्यातील नियंत्रक मंडलाची. कारखान्यातून निघणारे पडदे एकाच साच्याचे असले तरी तंतोतंत सारखे नसतात. साठाची हमी सर्वांनी पाळावी म्हणून त्यात थोडी मोकळीक ठेवलेली असते. एखाद्यात ती अधिक असते, एखाद्यात जेमतेम. एकाच शेतातील दोन पोत्यांचा उतारा जसा निराळा पडतो, तसेच हे. म्हणून शेजाऱ्याचा पडदा पंचाहत्तरावर चालला, एवढ्यावरून आपला चालेलच असे समजू नये.

तिसरी मर्यादा द्रव-स्फटिकांची. रंग बदलण्यास त्यांस वेळ लागतो, आणि स्वस्त पडद्यांत हा वेळ सोळा मिलिसेकंदांहूनही अधिक असतो. पहिला रंग पुरता उमटण्यापूर्वीच दुसरी आज्ञा आली, तर चित्रामागे पुसट शेपूट राहते. थंडीत स्फटिक आणखी मंद होतात; ग्वाल्हेरच्या पौषातील पहाटे जे पुसटपण दिसेल, ते ज्येष्ठातील दुपारी दिसणार नाही. उलट ज्येष्ठात उष्णतेने विद्युत्-मंडलावर ताण पडतो. परीक्षा दोन्ही ऋतूंत व्हावी.

आपल्या नगरीत १९१८ पासून माधव संगीत महाविद्यालय आहे. लयीचा संस्कार येथील कानांस नवा नाही. तबलजी लय चढवितो, पण प्रत्येक बोल सुटा व स्वच्छ ऐकू येईल तोवरच तिला द्रुत म्हणावयाचे. बोल एकमेकांत मिसळले की ती नुसती घाई होय. पडद्याचेही तसेच आहे.

५. कृती

प्रत्येक पडदा आपली ओळख १२८ बाइटांच्या एका लहानशा पत्रकाने गणकयंत्रास देतो. त्यात त्याच्या मान्य गती नमूद असतात. गती वाढविण्याची युक्ती अशी की, पडद्यातील मूळ पत्रकास हात न लावता, विंडोज प्रणालीच्या नोंदवहीत त्याची सुधारलेली प्रत ठेवावयाची. ह्यासाठी खास आज्ञावली मिळतात; काही यंत्रांत इंटेल अथवा एनव्हिडिया ह्यांच्या चित्रनियंत्रण पृष्ठावरही सोय असते. पुष्कळ लॅपटॉपांत दोन चित्रयंत्रे असून पडदा इंटेलच्या अंगभूत यंत्रास जोडलेला असतो. तेथे एनव्हिडियाच्या पृष्ठावर शोधणे व्यर्थ होय.

क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी. दुसरा पडदा जोडण्याची तार हाताशी असावी, म्हणजे अंगचा पडदा काळा झाल्यास मार्ग उरतो. पूर्ववत् करणारी आज्ञा आधीच शोधून ठेवावी. मग गती साठावरून पासष्ट, पासष्टावरून सत्तर, अशी पायरीपायरीने वाढवावी. नवी गती निवडल्यावर विंडोज पंधरा सेकंद वाट पाहते आणि आपण होकार न दिल्यास जुनी गती परत आणते. चित्र दिसेनासे झाल्यास कळफलकास हात न लावता स्वस्थ बसावे.

आमच्या पेढीवरील लॅपटॉपावर पुतण्याने हा प्रयोग माझ्यासमक्ष केला. पडदा वर सांगितलेल्या रचनेचाच होता. पासष्ट, सत्तर व पंचाहत्तर सुरळीत गेले. ऐंशीवर पडदा काळा झाला व पंधरा सेकंदांनी पूर्ववत् आला. कागदावरील ७७.९ आणि डोळ्यांसमोरचा अंधार ह्यांचा मेळ बसला, ह्याचे समाधान वाटले.

६. प्रमाण कसे घ्यावे

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. यंत्र पंचाहत्तर असे लिहून दाखविते, म्हणून पडदा पंचाहत्तर चित्रे दाखवितोच, असे नाही. काही पडदे आज्ञा पंचाहत्तर घेतात आणि दर पाच चित्रांतील एक गुपचूप गाळतात; हाती साठच उरतात, आणि तीही अडखळत. हे डोळ्यास चटकन कळत नाही. त्यासाठी सोपी कसोटी आहे. पडद्यावर चौकोनांची जाळी काढून प्रत्येक चित्रागणिक पुढचा एकेक चौकोन उजळणारी आज्ञावली चालवावी आणि कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा दहावा भाग उघडी ठेवून छायाचित्र घ्यावे. उजळलेले चौकोन सलग आले तर माप पुरे. मध्ये रिकामा चौकोन दिसला तर माप खोटे. प्रमाणित वजनाने काटा तपासावा तसाच हा प्रकार आहे.

ह्याशिवाय फिकट करड्या रंगाचे पृष्ठ उघडून आडव्या रेषा, लुकलुक किंवा रंगछटेत पडलेला फरक पाहावा. यांपैकी काही आढळल्यास एक पायरी मागे यावे. यंत्र दोन-चार तास चालवून पुन्हा तपासावे. थंड यंत्राची साक्ष अपुरी असते.

७. लाभ-हानीचा ताळेबंद

जमेची बाजू अशी : हालचाल थोडी सलग दिसते, बाणाचा प्रतिसाद किंचित जलद भासतो आणि पदरचा पैसा खर्च होत नाही. चित्रपट पाहणाऱ्यास आणखी एक लाभ आहे. चोवीस चित्रे साठांत समान वाटली जात नाहीत. एक चित्र तीनदा व दुसरे दोनदा असे लंगडत दिसते. बहात्तर हर्ट्झवर प्रत्येक चित्र बरोबर तीनदा दिसते. पंचवीस चित्रांच्या कार्यक्रमास ह्याच न्यायाने पंचाहत्तर हितकर.

नावेची बाजू अशी : वीज अधिक लागते व बॅटरी लवकर उतरते, हमीच्या मुदतीत बिघाड झाल्यास कारखानदार जबाबदारी नाकारू शकतो, आणि सुटा पडदा बदलणे सोपे असले तरी लॅपटॉपचा पडदा झाकण उघडूनच बदलावा लागतो, त्याचा खर्च लहान नसतो. पडदा कायमचा बिघडण्याचे भय थोडे आहे. पण नाही असे म्हणता येत नाही.

हा ताळेबंद मांडल्यावर आम्ही पेढीचा लॅपटॉप साठावरच परत आणला. रोजमेळ व खतावणी लिहिण्यास पंचाहत्तराचा उपयोग नाही, आणि वीज गेली असता बॅटरी अर्धा तास अधिक टिकण्याचे मोल आहे. काही पडद्यांस अठ्ठेचाळीसाची मान्य गतीही असते. वीज वाचविण्यास ती उपयोगी पडते. पुतण्याने स्वतःचा लॅपटॉप मात्र बहात्तरावर ठेवला आहे. त्याचे काम निराळे, त्याचा हिशेब निराळा. ज्यास खेळासाठी अथवा चित्रकामासाठी खरोखर गती हवी, त्याने एकशेवीस किंवा एकशेचव्वेचाळीसाचा, कारखान्याने हमी दिलेला पडदाच घ्यावा.

८. व्यापाऱ्याच्या दृष्टीने

शेवटी एक गोष्ट आपल्या व्यवसायाची. नेमून दिलेली गती म्हणजे वचन होय. यंत्र त्याहून अधिक देत असेल तर ती त्याची अंगभूत शिलकी शक्ती. तिचा उपयोग मालकाने स्वतःच्या जोखमीवर खुशाल करावा. परंतु ती शक्ती दुसऱ्यास विकावयाची वस्तू नव्हे. वापरलेला लॅपटॉप विकताना पंचाहत्तराचा आकडा दाखवून अधिक दाम मागणे आणि मूळ हमी साठाची आहे हे न सांगणे, हे वरच्या थरात उत्तम गहू व तळाशी हलका गहू भरलेल्या पोत्यासारखे आहे. खरेदी करणारानेही केवळ यंत्राने दाखविलेल्या आकड्यावर न जाता पडद्याच्या मागील क्रमांक व कारखान्याचे पत्रक पाहून मूळ गतीची खात्री करून घ्यावी. ज्या तरुणांच्या हाती उद्या पेढीची किल्ली जावयाची आहे, त्यांस हा प्रयोग करू द्यावा. मात्र आधी हिशेब, मग कृती, नंतर कसोटी, हा क्रम त्यांच्याकडून पाळून घ्यावा. तो क्रम अंगवळणी पडला तर पडद्याची गती पंधराने वाढो वा न वाढो, पेढीचे नुकसान होणार नाही.